बदलापूरला पाऊस संपल्यावर जा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही कर्जत मार्गावरची एकामागून एक येणारी स्टेशनं. यांना कुणी पर्यटनस्थळ म्हणत नाही. कारखाने, फर्निचरचा बाजार आणि पहाटेच्या लोकलमधली रेटारेटी हीच त्यांची ओळख. तरीही वर्षातले मोजके दिवस असे येतात की बाहेरगावची माणसं इथे लोंढ्याने उतरतात. एक महाशिवरात्र, त्या दिवशी अंबरनाथच्या शिवमंदिराची यात्रा असते. आणि दुसरे जुलै-ऑगस्टचे रविवार, तेव्हा बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्याला आणि भोज धरणाला तरुणांच्या टोळ्या भिजायला जातात. एवढाच इथला ‘सीझन’. माझं म्हणणं असं की ही ठिकाणं पाहायला याहून वाईट मुहूर्त सापडणार नाही.

हंगाम निसर्ग ठरवतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी. बदलापूरच्या नैऋत्येला उभ्या असलेल्या मलंगगड-चंदेरीच्या रांगेतच पुढे माथेरान आहे. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने 1850 मध्ये ते उजेडात आणलं, 1907 मध्ये तिथे छोटी गाडी पोहोचली. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी ही गाडी बंद ठेवतात, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते आणि हॉटेलांचे दर उतरतात. म्हणजे डोंगर तोच, पाऊस तोच. माथेरानला तो ऑफ सीझन आणि कोंडेश्वरला ऐन हंगाम. फरक पडतो तो सवयीने, सुट्टीच्या वारांनी आणि हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी. गर्दी जिथे जाते तिथे आणखी गर्दी जाते, यापलीकडे त्याला फारसं शास्त्र नाही.

अंबरनाथचं मंदिर घ्या. शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नाव येतं. भूमिज शैलीतल्या जुन्या मंदिरांत याची गणना होते. माळव्यातलं उदयपूरचं प्रसिद्ध उदयेश्वर मंदिरसुद्धा याच्यानंतरचं. शिखर आज अपुरं आहे आणि गर्भगृह सभामंडपाच्या बरंच खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. पण या वास्तूची खरी श्रीमंती आत नाही, बाहेरच्या भिंतींवर आहे. 1868 मध्ये मुंबई सरकारने या शिल्पांची रेखाटनं आणि साचे करून घेण्यासाठी मुद्दाम माणसं पाठवली होती, ती काही उगाच नाही. महाशिवरात्रीला मात्र भाविक तासन्‌तास रांगेत उभा राहतो, पिंडीचं क्षणभर दर्शन घेतो आणि पुढे ढकलला जातो. त्याच्या श्रद्धेबद्दल तक्रार नाही. दर्शनाला आलेल्याने दर्शनच घ्यावं. पण देऊळ पाहायचं असेल तर ते त्या दिवशी दिसत नाही. पावसाळ्यात काळा पाषाण भिजून आणखी काळा होतो, त्यावर शेवाळ चढतं आणि बारीक कोरीवकाम त्यात बुडून जातं. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मार्गशीर्ष-पौषात सूर्य कलता असतो, तेव्हा दुपारनंतरचं तिरपं ऊन समोरच्या भागावर पडतं आणि प्रत्येक मूर्तीची कड सावलीने वेगळी होते. शिल्प पाहायला याहून चांगला दिवा नाही, आणि तो फुकट आहे.

कोंडेश्वरचा प्रश्न सौंदर्यापेक्षा गंभीर आहे. डोंगरावर पडलेला पाऊस उतारावरच्या कातळात मुरत नाही, तो सरळ ओढ्यात येतो. खाली ऊन असतानाही वर सर कोसळली की काही मिनिटांत पाणी चढतं, आणि डोहाकाठचा खडक तर निसरडा असतोच. इथे बुडून तरुण मुलं दगावल्याच्या बातम्या पावसाळ्यात पुनःपुन्हा येतात. जून 2024 च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तीही अशाच चढत्या पाण्यात. म्हणून ठाणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी मनाई आदेश काढतं. पूर्वी कलम 144 खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली. पोलीस वाटेवर उभे राहतात, पोरं आडवाटेने आत शिरतात. बंदीने जीव वाचत असतील, पण माणसाला हिंडायचं असतं ही गोष्ट बंदीने संपत नाही. तिला दुसरी वेळ दाखवावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पाणीच नसेल तर धबधब्याला जायचं कशाला? तर पाऊस थांबला की पाणी लगेच आटत नाही. दिवाळीच्या सुमारास ओढे शांत पण वाहते असतात, रान अजून हिरवं असतं. त्यापुढे पाणी उतरलं की कातळाचे थर उघडे पडतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसॉल्ट, आणि अंबरनाथचं देऊळही बेसॉल्टचंच. चंदेरीची चढाई तर थंडीतच करावी. पावसात तिथला घसारा कुणाची गय करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भोज-कोंडेश्वरच्या वाटेवर कणसं, भजी, चहा विकणाऱ्या कुटुंबांचं पोट या चार रविवारांवर चालतं, ते बुडवायचं का? पण आजच ते मनाई आदेशाच्या एका कागदावर अवलंबून आहे. तेच पाहुणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी थोडेथोडे येत राहिले तर कमाई कमी होणार नाही, उलट तिचा भरवसा वाढेल. मे-जूनमध्ये बदलापूरचं जांभूळ आहेच. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रविवारीच सुट्टी मिळते, हे मात्र खरं आणि त्याला माझ्याकडे तोड नाही. पण पौषातला रविवारही श्रावणातल्या रविवारापेक्षा कितीतरी मोकळा असतो.

एक अडचण लपवू नये. मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पावसाळ्यात नदी वाटते, एरवी तिचा नाला होतो. कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी घेऊन ती उल्हासनगरातून कल्याणकडे जाते; 2014 मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं होतं. हिवाळ्यात जाणाऱ्याला तिचा वास येणारच. हे न जाण्याचं कारण नव्हे. पुराच्या पाण्यात ही घाण दिसत नाही, म्हणून पावसाळी पाहुणा तिच्याबद्दल कधी बोलत नाही. हजार वर्षांच्या देवळाशेजारी असं पाणी का वाहतं, हे अंबरनाथ नगरपालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारणारे पाहुणे वाढायला हवेत. तेव्हा यंदा पावसाळ्याऐवजी डिसेंबरात कर्जत लोकल पकडा, अंबरनाथला पूर्वेला उतरा आणि देवळाबरोबर ती नदीही पाहून या.