दिव्यावरचा पतंग

डोंबिवलींतील आमच्या गच्चीवरून संध्याकाळीं विमानें दिसूं लागलीं कीं मुलें त्यांचीं नांवें सांगूं लागतात. आम्हांस मात्र आठवतें तें 'जिप्सी मॉथ' हें चिमुकलें दुपंखी विमान. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. जेफ्री डी हॅविलंड यांस पतंगांचा नाद. त्यांनीं १९२५ सालीं उडविलेल्या पहिल्या मॉथाचे पंखही पतंगासारखे मागें मिटत. १९२८ मध्यें त्यास सुमारें १०० अश्वशक्तीचें 'जिप्सी' इंजिन मिळालें.

१९२९ सालीं आगाखानांनीं इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्यानें करणाऱ्या पहिल्या भारतीय वैमानिकास ५०० पौंडांचें बक्षीस लाविलें. मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. दोघांचीं विमानें जिप्सी मॉथच. इजिप्तांत अबूकीर येथें गांठ पडली, तेव्हां इंजिनाच्या एका प्लगावांचून अस्पी अडकले होते. टाटांनीं आपल्याजवळचा प्लग त्यांस दिला. अस्पी आधीं पोहोंचले आणि टाटांचें बक्षीस थोडक्यांत हुकलें. तेच अस्पी १९६० मध्यें हवाई दलाचे प्रमुख झाले.

मुलांस विमानांचीं नांवें पाठ होतातच. त्यांबरोबर ही प्लगाची गोष्टही घरोघर सांगितली जावी, असें आम्हांस वाटतें.