उतारवयातील नैराश्य आणि औषधांचा ताळमेळ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार व मोखाडा हे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात आले. या डोंगराळ भागाच्या आरोग्याचा विषय निघाला की प्रथम आठवते ते बालकांचे कुपोषण. १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर ते स्वाभाविकही आहे. घरातील वृद्धांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते. भातकापणी आटोपली की अनेक पाड्यांवरील कर्ती माणसे वीटभट्ट्यांच्या व बांधकामाच्या कामासाठी भिवंडी, वसई, ठाणे या बाजूस जातात. मागे राहिलेल्या वृद्धांची झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, बोलणे कमी होणे या गोष्टी ‘वय झाले’ म्हणून सोडून दिल्या जातात. वास्तविक अशा लक्षणांमागे नैराश्य असू शकते, आणि नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे.

परंतु नैराश्याची गोळी सुरू होते, तेव्हा वृद्धांच्या पिशवीत बहुधा आधीच इतर गोळ्या असतात. रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून, गुडघेदुखीची बाजारच्या दिवशी खाजगी डॉक्टरांकडून, आणखी एखादी नाशिकच्या तज्ज्ञांकडून. प्रत्येकाचा केसपेपर वेगळा. हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर एकाच व्यक्तीची खाती चार ठिकाणी असून त्यांचा ताळमेळ कोणीच घातलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधोपचारातून होणारी इजा टाळण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा एकाच वेळी घेतली जाणारी अनेक औषधे हा तिचा एक प्रमुख विषय ठरविला, तो याचसाठी.

वय वाढते तशी मूत्रपिंडे व यकृत यांची औषध शरीराबाहेर टाकण्याची गती मंदावते. त्यामुळे तरुणास सोसणारी मात्रा वृद्धास जड जाऊ शकते. त्यातच काही औषधे एकमेकांचा परिणाम वाढवितात. त्यांपैकी चार जोड्या कुटुंबीयांनी अवश्य लक्षात ठेवाव्यात.

पहिली जोडी वेदनाशामकांची. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन ही औषधे सिरोटोनिन या द्रव्यावर कार्य करतात. रक्त गोठण्याच्या क्रियेतही या द्रव्याचा वाटा असतो. त्यामुळे त्यांच्यासोबत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौचास डांबरासारखी काळी होणे ही त्याची खूण होय. मुळातच रक्त कमी असलेल्या देहास हा स्राव परवडणारा नसतो.

दुसरी जोडी लघवी वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची. दोहोंमुळे रक्तातील सोडियम घटू शकते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागते, तोल जाऊन पडते. घरच्यांना ते म्हातारचळ वाटते, क्वचित बाहेरची बाधाही वाटते. प्रत्यक्षात रक्ताच्या एका साध्या तपासणीने कारण कळू शकते.

तिसरी जोडी जुन्या औषधांची. ॲमिट्रिप्टिलीन हे नैराश्यासाठी, तसेच नसांच्या दुखण्यासाठीही दिले जाते. त्यासोबत सर्दी-खाजेसाठी क्लोरफेनिरामीनसारखी गोळी घेतली, तर बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, भ्रम, उभे राहताच भोवळ येणे असे त्रास संभवतात.

चौथी जोडी ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामकाची व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरल्या जाणाऱ्या लिनेझोलिडची. यांपैकी कोणतेही नैराश्याच्या औषधासोबत घेतल्यास सिरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून कंप, घाम, ताप व अस्वस्थता निर्माण होऊ शकते. अशा वेळी रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे.

हे वाचून कोणी घाबरून नैराश्याची गोळी बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. या गोळीचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. ती एकाएकी थांबविल्यास चक्कर, निद्रानाश, बेचैनी उद्भवते व आजार उलटू शकतो. अनेक वेळा गोळी चालू ठेवून दुसरे औषध बदलणे पुरेसे ठरते. उदाहरणार्थ, डायक्लोफेनॅकऐवजी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल.

कुटुंबीयांकडून आमच्या अपेक्षा साध्या आहेत. प्रत्येक भेटीत घरातील सर्व गोळ्या, मलमे, झाडपाल्याची औषधेसुद्धा, एका पिशवीत घालून आणावीत. भगतांकडील औषध सांगताना संकोच करू नये. आम्हास ते केवळ माहीत असावयास हवे. गोळ्या पाकिटातून सुट्या काढू नयेत, कारण नाव पाकिटावर असते. एकच औषध दोन निराळ्या नावांनी दोन ठिकाणांहून मिळाल्याचे त्यावरूनच उमगते. कामासाठी बाहेरगावी जाताना वृद्धांच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या आहेत, हे पाहून शेजाऱ्यांस किंवा आशाताईंस सांगून जावे. मन फार खचल्यास ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

देणगीदारांच्या दृष्टीने या कामात दाखविण्याजोगी इमारत नाही की यंत्रसामग्री नाही. लागतो तो डॉक्टरांचा व औषधनिर्मात्यांचा वेळ, सोडियमच्या तपासणीचा खर्च आणि अक्षर न वाचता येणाऱ्या वृद्धांसाठी सकाळ-रात्रीच्या खुणा असलेले गोळ्यांचे डबे. एका आजीचे पडणे टळले, तर त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. तथापि आपण दिलेल्या रुपयाचा तो सर्वोत्तम विनियोग होय, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.