देवासाठी डरकाळी

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतले लाल कोट येतात. फार तर मुंबईच्या जुन्या हॉटेलांतले गोव्याचे वादक. ‘डेथ मेटल’चा बँड ही त्याहून फार निराळी चीज आहे. गिटारचे सूर मुद्दाम खाली उतरवलेले, दोन्ही पायांनी अखंड बडवलेला ढोल, आणि गाणारा गात नाहीच, तो गुरगुरतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार रुजला. प्रेते, कत्तली, नरक आणि सैतान हे त्याचे ठरलेले विषय. याच संगीतात येशूचे नाव घ्यायचे, असे १९९० साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात स्टीव्ह रो नावाच्या एका बास गिटारवादकाने ठरवले.

रो याचा आधीचा बँड होता ‘लाइटफोर्स’, म्हणजे प्रकाशाची शक्ती. कोणाही पाद्रीबाबांनी मान डोलवावी असे नाव. नव्या बँडचे नाव त्याने ठेवले ‘मॉर्टिफिकेशन’. जुन्या वैद्यकात अवयव सडून मरण्याला हा शब्द होता. आणि जुन्या इंग्रजी बायबलात, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, देहाची कर्मे मारून टाकण्याविषयी जे वचन आहे, त्यातले क्रियापद याच शब्दाचे. एका कानाला प्रेत ऐकू यावे, दुसऱ्याला तप. आपल्याकडे अंगावर आसूड ओढणारा पोतराज पाहिलेल्या माणसाला हे फार परके वाटू नये.

मला मात्र ते सुरुवातीला परकेच वाटले. निवृत्तीनंतर मी पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्यावरच्या कासार आंबोलीत राहतो. हिंजवडीला संगणकाची नोकरी करणारा भाचा शनिवारी मुक्कामाला येतो आणि येताना आपले संगीत घेऊन येतो. एकदा मी वैतागून विचारले, “अरे, कोणाला मारताहेत का?”

“मामा, हे देवाचं गाणं आहे,” तो म्हणाला.

तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. मी म्हटले, शब्द दाखव. त्याने दाखवले. खरोखरच पापक्षालन, पुनरुत्थान आणि प्रार्थना! कानाला मात्र त्यातले एक अक्षर लागत नव्हते.

‘मॉर्टिफिकेशन’ची सर्वांत गाजलेली तबकडी १९९२ची, ‘स्क्रोल्स ऑफ द मेगिलोथ’. मेगिलोथ म्हणजे हिब्रू बायबलातल्या पाच पोथ्या : गीतरत्न, रूथ, विलापगीत, उपदेशक आणि एस्तेर. गीतरत्नातल्या प्रेमाला हा आवाज चालायचा नाही, हे उघड आहे. पण यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा आक्रोश ज्या विलापगीतात आहे, तो मंजुळ गळ्याने गायचा म्हणजे जरा कठीणच. तेव्हा रो, गिटारवादक मायकेल कार्लाइल आणि ढोल वाजवणारा जेसन शेरलॉक असे तिघे होते. अमेरिकेत त्यांच्या तबकड्या ख्रिस्ती संगीताची ‘इंटेन्स’ कंपनी काढी. युरोपात काढी जर्मनीची ‘न्यूक्लिअर ब्लास्ट’, जिच्या यादीतल्या अनेक मंडळींची सोयरीक नरकाशी. एकाच मालाला दोन पेढ्यांनी हमी द्यावी आणि दोन्हीकडच्या काही गिऱ्हाइकांनी शंका घ्यावी, असा तो व्यवहार. भाविकांना आवाज सैतानी वाटे, आवाजाच्या शौकिनांना भक्ती.

ही नुसती नापसंती नव्हती, ते दिवस वाईट होते. नॉर्वेमध्ये ‘ब्लॅक मेटल’च्या टोळक्यातल्या काही तरुणांनी १९९२पासून चर्च जाळायला सुरुवात केली होती. बर्गेनजवळचे फान्टोफ्टचे मध्ययुगीन लाकडी चर्च त्याच वर्षीच्या जूनमध्ये जळून खाक झाले. पुढे या टोळक्यात खूनही पडला. अशा वेळी, १९९३ साली ‘मॉर्टिफिकेशन’मधून बाहेर पडलेल्या शेरलॉकने १९९४ साली त्याच ब्लॅक मेटलच्या थाटात एक ख्रिस्ती तबकडी काढली. बँडचे नाव ‘होर्ड’. सगळी वाद्ये आणि आवाज त्याचेच, पण कलावंताच्या जागी छापले होते फक्त ‘अनामिक’. या अनामिकाचे नाव सांगा म्हणून कंपनीला धमक्या आल्याचे सांगतात. भजनी मंडळात कितीही रुसवेफुगवे झाले, तरी टाळकऱ्याला नाव लपवावे लागत नाही!

देवाला कोणते वाद्य चालते, हा वाद आपल्याही ओळखीचा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा मराठी चर्चमध्ये विलायती चालींवरची भाषांतरित गीते बरीच होती. टिळकांनी येशूला अभंगात आणि भजनात आणले. त्या काळी कोणाला तरी टाळ-मृदंग परधर्माचेच वाटले असणार. उलट बाजूने, मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ने, म्हणजे नावातच राक्षस असलेल्या बँडने, २०१७ साली ‘दशावतार’ नावाची तबकडी काढली : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा गाणी, गुरगुरणे आणि सतार एकत्र. नरसिंहाला तरी तो आवाज शोभतो, असे माझे मत.

पण रो याची गोष्ट मला लागली ती संगीतामुळे नव्हे. डेथ मेटलमध्ये मृत्यू हा बहुधा वेष असतो. कार्यक्रम संपला की उतरवून ठेवायचा. १९९६ साली रो याने येशूच्या क्रूसावरील मरणावर सुमारे अठरा मिनिटांचे एक गाणे काढले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. केमोथेरपी झाली, १९९७ साली अस्थिमज्जेचे रोपण झाले. देह मारण्याचे नाव लावून फिरणाऱ्या माणसाचा देह आता खरोखरच औषधांनी मारला जात होता. तो वाचला. १९९८ साली त्या आजारपणावर ‘ट्रायम्फ ऑफ मर्सी’, म्हणजे दयेचा विजय, ही तबकडी आली.

तिच्यात १९९२चा तुफानी वेग नाही. वेग तसा १९९४च्या ‘ब्लड वर्ल्ड’पासूनच उतरला होता आणि जुने श्रोते तेव्हापासून कुरकुरत होते. भाच्याचेही मत तेच. मला मात्र १९९८ची तबकडी जवळची वाटते. मरणाविषयी बोलणारा इथे मरणाच्या दारातून परत आलेला आहे, हे ऐकताना विसरता येत नाही.

त्यानंतरही तो वाजवत राहिला. गिटारवाले बदलले, ढोलवाले बदलले. २०१५ साली, पहिल्या दिवसापासून पंचवीस वर्षांनी, ‘रेल्म ऑफ द स्केलाटॉर’ ही तबकडी निघाली, तेव्हा मूळच्या मंडळींपैकी एकटा रोच उरला होता.