चीनमधल्या युद्धकाळातल्या नोटा: जुन्या आहेत, मग स्वस्त का?

जुन्या नोटा जमवणाऱ्यांकडे चीनच्या युद्धकाळातल्या नोटा बऱ्याचदा बघायला मिळतात. वय ऐंशी वर्षांच्या आसपास, तरी त्यातल्या कित्येक नोटा स्वस्त. असं का, ते समजून घेऊ.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. जिंकलेल्या भागात त्यांनी आपल्या तंत्राने चालणाऱ्या बँका काढल्या. बीजिंगमध्ये १९३८ साली फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ चायना आणि नानजिंगमध्ये १९४१ साली सेंट्रल रिझर्व्ह बँक ऑफ चायना सुरू झाली. याशिवाय जपानी लष्कराच्या स्वतःच्या नोटा होत्या. त्यांना 'मिलिटरी येन' म्हणतात.

नानजिंगच्या बँकेच्या नोटा ओळीने लावून बघा. सुरुवातीची सगळ्यात लहान नोट १ फेनची, म्हणजे युआनचा शंभरावा भाग. १९४५ पर्यंत थेट १,००,००० युआनची नोट निघाली! नोटा भरमसाट छापल्या आणि पैशाची किंमत मातीमोल झाली. युद्धानंतर चीन सरकारने असे २०० युआन घेऊन आपला १ युआन दिला. भरपूर छापल्या, म्हणून आजही भरपूर सापडतात.

हाँगकाँगमध्ये तर लोकांना हाँगकाँग डॉलर देऊन मिलिटरी येन घ्यावे लागले. आधी २ डॉलरला १ येन, १९४२ च्या जुलैपासून ४ डॉलरला १. जून १९४३ मध्ये डॉलर वापरायलाच बंदी आली. सप्टेंबर १९४५ मध्ये हे येन रद्द झाले आणि घराघरातली पुंजी बुडाली. तिथले लोक भरपाईसाठी टोकियोच्या कोर्टात गेले. १९९९ मध्ये कोर्टाने त्यांचं नुकसान झाल्याचं मानलं, पण भरपाईसाठी कायदा नाही म्हणून दावा फेटाळला.

नोट हातात आली तर काय बघाल?

• साल: वरच्या दोन्ही बँकांच्या बऱ्याच नोटांवर चिनी प्रजासत्ताकाचं साल असतं. त्यात १९११ मिळवा. २९ म्हणजे १९४०.
• अवस्था: घडी, डाग, फाटलेली कड यांनी किंमत घटते.
• जपणूक: इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन नको.

आणि 'जुनी नोट द्या, लाखो मिळवा' असा मेसेज आला, तर आधी पैसे भरू नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये सावध केलं आहे. नुसत्या वयाने नोट महाग होत नाही.