जुन्या टाकीवर वाढीव प्रेशर घेण्याआधी

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. हरेगाव आणि साकरवाडीचे खासगी कारखाने त्याहूनही जुने. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासा असा साखरेचा पट्टा उभा राहिला आणि त्याच्या आगेमागे आसवन्या, दूध संघ, शीतगृहे आली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात त्यामुळे वेल्डिंग केलेल्या लोखंडी टाक्यांची कमी नाही, आणि त्यांतल्या कित्येक आजही ठणठणीत आहेत. नवी यंत्रे येतात, त्यांना जास्त प्रेशरची हवा किंवा वायू लागतो. मग इंजिनिअर विचारतो, हीच टाकी वाढीव प्रेशरवर चालेल का? काही वेळा खरेच चालते. पण ते ठरते जोडांवर.

मात्र मळीची किंवा स्पिरिटची सपाट तळाची टाकी या हिशेबात धरायचीच नाही. ती वातावरणाच्या दाबाला बांधलेली असते. तिच्यावर भार येतो तो आतल्या द्रवाचा. मळी पाण्याच्या जवळपास १.४ पट जड, म्हणजे १० मीटर मळीचा तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.४ किलो दाब. पण छपराखाली वायूचा दाब धरण्यासाठी ना तिचे छप्पर असते, ना तळ. जोड कितीही चांगले निघाले, तरी तिचे प्रेशर व्हेसल होत नाही. आपण बोलतोय ते दोन्ही टोकांना डिश एंड (बशीसारखी फुगीर झाकणे) असलेल्या नळकांडी टाक्यांबद्दल : हवेचे रिसीव्हर, अमोनियाचे रिसीव्हर, वायूचे बुलेट.

अशी टाकी बांधताना पत्र्याची ताकद ठाऊक असते, कारण पोलाद कारखान्याचे सर्टिफिकेट असते. जोडाचे तसे नसते, तो वेल्डरच्या हातावर अवलंबून. म्हणून डिझाइनच्या नियमांत जोडाला एक गुणांक आहे. दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या जोडाचा एक्स-रे काढलाच नसेल तर ०.७०, ठिकठिकाणी नमुन्याचे काढले असतील तर ०.८५, आणि सगळा जोड तपासून पास झाला तर १. एका बाजूने, मागे पट्टी लावून वेल्ड केलेल्या जोडाला पूर्ण तपासणीनंतरही ०.९० च्या वर जाता येत नाही. जे पाहिले नाही त्यासाठी नियम ताकद कापून धरतो. जोड तपासल्याने लोखंड बळकट होत नाही, हिशेबात कापलेली ताकद तेवढी परत मिळते.

उदाहरणाने पाहू. टाकीची आतली त्रिज्या ८०० मिलिमीटर, गंजाचा वाटा वजा करून उरलेली जाडी १० मिलिमीटर, आणि पत्रा १३८ मेगापास्कल ताण सुरक्षित पेलणारा. गुणांक ०.७० धरला तर चालू प्रेशर येते दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२.२ किलो, ०.८५ ला १४.८ आणि १ ला १७.५. तोच पत्रा, तीच टाकी, आणि फरक ५ किलोंहून अधिक. या हिशेबात लांबीचा जोड निर्णायक ठरतो, कारण त्याला उघडू पाहणारा ताण घेराच्या जोडावरील ताणाच्या दुप्पट असतो.

हे काम बिगर हंगामात करावे. टाकी रिकामी करून, धुऊन, तिच्यात हवा खेळवून आणि ऑक्सिजन मोजूनच माणूस आत उतरवायचा. आसवनीतला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसून राहतो आणि वासाने कळत नाही. ही एक पायरी गाळली तर पुढच्या सगळ्या तपासणीला काही अर्थ उरत नाही. मग मूळ ड्रॉइंग शोधायचे आणि अल्ट्रासॉनिक मीटरने ठिकठिकाणी जाडी मोजायची. तळाची रेषा, नोझलच्या भोवती आणि सॅडलच्या वरचा भाग इथे गंज जास्त असतो. टाकी नवी असतानाची जाडी गृहीत धरून केलेला हिशेब फाडून टाकावा.

यानंतर जोडाचा फोटो. साइटवर बहुधा इरिडियम-१९२ चा गॅमा कॅमेरा आणतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीवाचून हे काम करता येत नाही. इरिडियमचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस, त्यामुळे स्रोत जुना झाला की फिल्मला वेळ जास्त द्यावा लागतो. दोरी बांधून परिसर मोकळा करतात, म्हणून हे काम बहुतेक रात्री चालते. जोडाच्या एका बाजूला फिल्म, दुसऱ्या बाजूला स्रोत. फिल्मवर शिशाचे आकडे आणि बारीक तारांची पट्टी उमटते. ठरलेली तार दिसली नाही तर फोटो बाद. गोल काळे ठिपके म्हणजे वायूचे बुडबुडे, वेडावाकडा लांबट डाग म्हणजे अडकलेला स्लॅग, मधोमध सरळ काळी रेघ म्हणजे वेल्ड मुळापर्यंत पोहोचलेलेच नाही. बुडबुडे मर्यादेत असतील तर चालतात. तडा किंवा न वितळलेली कड अजिबात चालत नाही, लांबी कितीही असो.

नमुना तपासणीत साधारण दर १५ मीटर जोडाला एक फोटो असतो. तो नापास झाला तर त्याच पट्ट्यात आणखी दोन काढायचे. त्यांतला एकही नापास झाला, तर तो सगळा पट्टा खोदून पुन्हा वेल्ड करायचा किंवा पूर्ण तपासायचा. इथे घाई करून चांगली जागा निवडणारा तपासनीस माझ्या मते सगळ्यात धोकादायक माणूस. लांबीचा आणि घेराचा जोड जिथे मिळतात तिथला फोटो मागून घ्यावा.

फिल्मलाही मर्यादा आहे. किरणांच्या आडव्या दिशेतला बारीक तडा तिच्यावर दिसत नाही, त्यासाठी अल्ट्रासॉनिक लागते. अमोनियाच्या टाकीत तर वापरातूनच आतल्या अंगाने तडे जाऊ शकतात, म्हणून दूध संघ आणि शीतगृहांनी आतून चुंबकीय चूर्णाची तपासणी करून घ्यावी.

जोड पास झाले, म्हणजे सगळी टाकी पास झाली असे होत नाही. डिश एंड, मॅनहोल, नोझलभोवतीची पट्टी, नटबोल्ट या प्रत्येकाचा वेगळा हिशेब लागतो आणि सगळ्यांत कमी येईल तोच टाकीचा आकडा. १५० क्लासचा साधा पोलादी फ्लँज सामान्य तापमानाला सुमारे २० किलो पेलतो, २०० अंशांना जेमतेम १४. गरम वायूच्या टाकीत वरचे १७.५ तिथेच अडते.

शेवटी नव्या प्रेशरच्या निदान १.३ पटीने पाण्याची चाचणी. हवेने चाचणी करू नये. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि टाकी फुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. टाकी स्टेनलेस स्टीलची असेल तर बोअरचे पाणी भरण्याआधी त्यातले क्लोराइड तपासावे. त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह नव्या आकड्याला लावून नवी नेमप्लेट ठोकायची.

मंजुरी कुणाची, हे काम सुरू करण्याआधीच विचारावे. कारखाने अधिनियम १९४८ चे कलम ३१ प्रेशरच्या यंत्रांना २०२५ पर्यंत लागू होते आणि सक्षम व्यक्तीचा दाखला त्यासाठीच लागत असे; आता लागू असलेला नियम विचारून घ्यावा. वाफेचा संबंध असेल तर बाष्पके संचालनालय, आणि १,००० लिटरहून मोठ्या दाबयुक्त वायूच्या साठ्यासाठी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. फिल्म, जाडीचे तक्ते, हिशेब आणि चाचणीचा दाखला एकाच फाइलमध्ये कारखान्यातच ठेवा, ठेकेदाराकडे नको. आणि तुम्ही जिथे काम करता तिथल्या टाकीचे प्रेशर कधी वाढवले असेल, तर हंगाम सुरू होण्याआधी ती फाइल मागून एकदा स्वतः पाहा.