टेबलावरच्या असईचा ताळेबंद

वर्ष सरले की व्यापारी वह्या मिटवतो, सरकार जमाखर्च मांडते आणि शाळा गुणपत्रके वाटते. छंदाचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही. हिशेबाच्या जगातून मिळालेली सुटी म्हणजेच छंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंग्लंडात मूळ धरलेला एक छंद मात्र या समजुतीला अपवाद आहे. टेबलावर छोट्या शिपायांची युद्धे लढणारी तिकडची मंडळी डिसेंबर आला की आपला ताळेबंद मांडू लागतात. वर्षात किती शिपाई विकत घेतले, त्यांपैकी किती रंगवले आणि किती लढाया प्रत्यक्ष खेळल्या, असे तीन रकाने त्यात असतात. पहिला रकाना बहुधा भरगच्च असतो, दुसरा बेताचा आणि तिसरा जवळजवळ रिकामा. वरवर पाहता ही चेष्टेची बाब वाटेल; परंतु या तीन आकड्यांमधल्या अंतरात मानवी व्यवहारातील बरेच काही दडलेले आहे.

मराठी वाचकाला हा खेळ सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. दिवाळीत अंगणात माती कालवून किल्ला उभा करायचा, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवायची, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे मांडायचे आणि सिंहासनावर महाराजांना बसवायचे, हे ज्याने बालपणी केले आहे त्याला टेबलावरील टेकड्या, नद्या आणि जेमतेम अंगठ्याएवढे शिपाई ओळखीचेच वाटतील. फरक एकच, पण तो मूलभूत आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रू नसतो आणि नियमही नसतात. तो किल्ला कधी पडत नाही. कारण तो स्मरणासाठी असतो. युद्धखेळाच्या टेबलाला दोन बाजू असतात, मध्ये फासे असतात आणि मांडणारा हरू शकतो.

या खेळाची वंशावळ जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ पटावर आणणारे चतुरंग भारतातलेच. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्स या तरुण अधिकाऱ्याने पटावरची घरे काढून टाकून त्या जागी खरा नकाशा आणला आणि फासे व पंच यांची जोड देऊन अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे एक साधन तयार केले. १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घरच्या जमिनीवर आणला. त्यात खेळण्यातील तोफेने शिशाचे शिपाई पाडायचे असत. पुढे १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने त्याला प्रौढांच्या छंदाचे रूप दिले.

आता कल्पना करावी की अशा एका छंदिष्टाने नववर्षाच्या पहिल्या दिवशी असईची लढाई मांडण्याचा संकल्प सोडला. ही निवड त्या मंडळींत मुळीच विक्षिप्त ठरणार नाही. आज जालना जिल्ह्यात असलेल्या या गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी सामना दिला. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच. शिंद्यांच्या कवायती कंपूंत त्या दिवशी सुमारे १०,८०० पायदळ होते आणि त्याचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. वेलस्लीच्या गोऱ्या व मद्रासी फौजेचा आकडा सुमारे ४,५०० होता; म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार वेगळे.

वीस माणसांमागे एक बाहुले असे प्रमाण धरले, तर कंपूंसाठी ५४० आणि वेलस्लीसाठी २२५ बाहुली लागतात. एक शिपाई नीट रंगवायला तीन तास लागतात आणि नोकरी-संसार सांभाळून आठवड्याला चार तास मिळतात असे समजू. वर्षाचे तास झाले २०८ आणि रंगवलेले शिपाई झाले ६९. म्हणजे एकट्या कंपूंनाच जवळजवळ आठ वर्षे हवीत आणि दोन्ही पायदळांना मिळून अकरा. शिंदे-भोसल्यांचे हजारो घोडेस्वार आणि शंभराच्या आसपास तोफा अजून हिशेबात आल्याच नाहीत.

जानेवारीत मात्र हा हिशेब कोणी करत नाही. पेटी विकत घेण्याला पाच मिनिटे लागतात; ती रंगवण्याला महिने लागतात. पेटी घेताना माणूस प्लास्टिकचे शिपाई घेत नसतो. ते रंगवण्याची फुरसत असलेले आपले भावी आयुष्य तो घेत असतो. या आशेची बाजारपेठ केवढी मोठी आहे हे एका उदाहरणावरून दिसते. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केलेली आणि पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावलेली गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअरबाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. २०२३-२४ या वर्षातील तिचे उत्पन्न ५० कोटी पौंडांहून अधिक होते. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम पाठ्यपुस्तकात सांगतो की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारे समाधान घटत जाते. तो नियम येथे खोटा ठरत नाही. ग्राहक वापराआधीच पुढचा नग घेतो, इतकेच. घरोघरी न वाचलेली पुस्तके आणि न वाजवलेल्या पेट्या-तबले याच न्यायाने साठत असतात.

तेव्हा वर्षाचा पहिला धडा असा की या छंदात पैसा दुसऱ्या क्रमांकाचा आहे; खरा दुष्काळ वेळेचा आहे. आणि वेळेपेक्षाही दुर्मीळ वस्तू एक आहे, ती म्हणजे समोर बसणारा माणूस. एकट्याने अकरा वर्षे लागणारे काम पाच जणांनी वाटून घेतले तर सव्वादोन वर्षांत आटोपते. श्रमविभागाचे तत्त्व टाचण्यांच्या कारखान्याइतकेच येथेही लागू पडते. एकाने तोफखाना घ्यावा, दुसऱ्याने घोडदळ, तिसऱ्याने नद्या आणि गावकूस. एकट्याने खेळता येत नाही असे नाही. परंतु ज्याला आपली चाल फसवायची आहे तोही आपणच असलो, तर खेळातला अर्धा प्राण जातो. ताळेबंदातील तिसरा रकाना रिकामा राहतो तो रंग अपुरा पडल्यामुळे नव्हे. रविवारची दुपार, एक मोठे टेबल आणि एक मोकळा माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र येत नाहीत, म्हणून तो रिकामा राहतो.

आणि ज्या दिवशी त्या एकत्र येतात त्या दिवशी काय घडते? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक पावडर’ या नियमपुस्तकाचे उदाहरण घेऊ. त्यात सेनापतीने पलटणीला काय करायचे ते आधी मोठ्याने सांगायचे आणि मग दोन फासे टाकायचे. सेनापतीची योग्यता ८ असेल, तर बेरीज आठ किंवा कमी आली तरच पलटण हलते. छत्तीसपैकी सव्वीस दाने अनुकूल, म्हणजे शेकडा ७२ वेळा हुकूम पाळला जातो. हे प्रमाण बरे वाटते. परंतु ज्या बेतासाठी लागोपाठ तीन हुकूम पाळले जाणे आवश्यक आहे, तो सिद्धीस जाण्याची शक्यता शेकडा ३८ इतकीच उरते. नवखा खेळाडू यावर रागावतो. आपण सांगितले आणि पलटण जागची हलली नाही, हा कसला खेळ?

याचे उत्तर खऱ्या असईत आहे. उजवीकडच्या तुकड्यांचा नायक ऑरॉक याला असई गावापासून दूर राहायचे होते. तो नेमका गावाकडेच भरकटत गेला. त्याच्यामागोमाग ७४वी पलटण गेली, तोफांच्या आणि घोडदळाच्या तडाख्यात सापडली आणि तिचे बहुतेक अधिकारी पडले. खुद्द वेलस्लीचे अंदाजही चुकले होते. नदी ओलांडून बाजूने घाला घातला की कंपूंची त्रेधा उडेल असा त्याचा कयास होता. पण त्या कवायती पलटणींनी काटकोनात तोंड फिरवून नवी फळी इतक्या शिस्तीने उभी केली की तोही चकित झाला. टेबलावर फासा अडतो तेव्हा असा एखादा ऑरॉक वाट चुकलेला असतो. इतिहासाच्या पुस्तकात विजय अटळ वाटतो. टेबलावर तो किती निसटता होता ते कळते.

अर्थात हे कळण्याला एक अट आहे: फासा जे सांगेल ते मान्य केले पाहिजे. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेची तालीम अशाच खेळातून केली. पंचाच्या निवाड्यात ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. मोहिमेच्या सूत्रधारांना ते रुचले नाही. उगाकी या ज्येष्ठ अधिकाऱ्याने बाँबचे आघात नवावरून तीनवर आणले आणि ‘आकागी’ पुन्हा तरंगू लागली. ‘कागा’ही पुढच्या डावात परत आली. ४ जूनला अमेरिकन विमानांनी या दोन्हींसह चार विमानवाहू नौकांवर प्राणघातक आघात केले. खेळाने जे सांगायचे ते सांगितले होते. ऐकणाऱ्यांनी ते खोडले. कोणताही अंदाजपत्रककार, कोणताही परीक्षक आणि कोणताही पुढारी यातून काही घेऊ शकेल.

राहता राहतो तो सर्वांत जुना आक्षेप: माणसे मारण्याचा खेळ करावाच कशाला? वेल्सला हा प्रश्न चुकला नव्हता. त्याचे म्हणणे असे की खेळातल्या लहान युद्धात इतके घोळ होत असतील, तर खरे युद्ध केवढा मोठा मूर्खपणा असेल याचा उमज त्यातूनच पडावा. पुस्तक निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१४ मध्ये, युरोप पेटला आणि तोच वेल्स युद्धाच्या समर्थनार्थ लिहू लागला. खेळ माणसाला शहाणा करतोच असे नाही, याला याहून ठळक पुरावा नको. खेळ संधी देतो. ती घेणे न घेणे खेळणाऱ्याच्या हाती असते.

ती संधी बहुधा खेळ संपल्यावर येते, सामान आवरताना. असईत वेलस्लीची १,५८४ माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. टेबलाच्या प्रमाणात ही ७९ बाहुली होतात आणि ती पाच मिनिटांत पेटीत परत जातात. त्यांचा आकडा एकावर एक मोजता येतो, कारण त्या सैन्याने आपल्या पलटणींची नोंद ठेवली. कंपूंच्या मृतांचा जो आकडा सांगितला जातो तो शत्रूच्याच सेनापतीचा अंदाज आहे: रणांगणावर सुमारे १,२००. म्हणजे साठ बाहुली. एका रकान्यात मोजलेली माणसे आणि दुसऱ्यात अजमासलेली, असा हा ताळेबंद आहे. विलायतेतल्या एखाद्या छंदिष्टाने वर्षभर दिव्याखाली बसून त्या साठांपैकी एकेकाचे पागोटे आणि पट्टा रंगवला असेल, तर प्रत्येकामागे तीन तास तरी त्याने कंपूतल्या त्या बेनाव शिपायाला दिले. पहिले दोन रकाने कसेही जुळोत. वर्ष वाया गेले असे त्याला म्हणता येणार नाही.