भाड्याचा वाटा : रीट ही व्यवस्था आणि तिची वाढ

आपल्या बुऱ्हाणपुरात 'रिअल इस्टेट' म्हटले की स्टाफरूममध्ये एकच चित्र उभे राहते. शहराबाहेर शेतात मारलेल्या चुन्याच्या रेघा आणि कॉलनीच्या नावाची कमान. मीही दोन सहकाऱ्यांबरोबर असा एक प्लॉट घेतला होता. रजिस्ट्री झाली, पण जमिनीचे डायव्हर्शन झालेलेच नव्हते, हे नंतर कळले. पैसे बुडाले असे म्हणता येत नाही, पण तो प्लॉट विकताही येत नाही आणि त्यावर बांधताही येत नाही. जमिनीत पैसा घालण्याची दुसरी एक रीत आता भारतात रुजली आहे. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी तिच्याबद्दल विचारू लागले आहेत, म्हणून प्रस्तुत लेखात तिचा परिचय करून देत आहे.

या रीतीचे नाव रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, थोडक्यात रीट. एक न्यास तयार, भाड्याने गेलेल्या इमारती आपल्याकडे घेतो. त्याच्या मालकीचे छोटे छोटे भाग पाडले जातात. त्यांना युनिट म्हणतात आणि ते शेअर बाजारात विकले जातात. भाडेकरू भाडे देतो आणि खर्च वजा जाता ते युनिटधारकांत वाटले जाते. समजा, एका न्यासाला वर्षाला १० कोटी रुपये भाडे आले आणि देखभाल, कर व व्याज यांत ४ कोटी गेले. उरलेल्या ६ कोटींपैकी निदान ९० टक्के, म्हणजे ५ कोटी ४० लाख, वाटावेच लागतात. युनिट एक कोटी असतील तर प्रत्येकी ५ रुपये ४० पैसे मिळतील. युनिट ९० रुपयांना घेतले असेल तर उत्पन्न ६ टक्के पडते आणि १०८ रुपयांना घेतले असेल तर ५ टक्के. भाडे तेच, इमारत तीच. फरक पडतो तो आपण दिलेल्या किमतीने.

ही कल्पना अमेरिकेत १९६० च्या कायद्याने आली. आशियातील उदाहरणांत मला दक्षिण कोरियाचे विशेष बोधप्रद वाटते. १९९७ च्या आर्थिक संकटात तेथील कंपन्या कर्जात बुडाल्या होत्या. कर्ज फेडायला इमारती विकाव्यात तर घेणारा कोणी नव्हता. २००१ मध्ये तेथे रीटचा कायदा झाला आणि सामान्य बचतदारांच्या पैशातून या इमारती घेण्याचा मार्ग खुला झाला. पुढे लोट्टे समूहाने आपल्या काही दुकानांच्या इमारती रीटमध्ये घातल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये ती बाजारात आणली. (चोको पाय विकणारा आणि २०१७ मध्ये हॅवमोर आइस्क्रीम विकत घेणारा हाच तो समूह.) विकलेल्या इमारती समूहाने स्वतःच भाड्याने घेतल्या. भाडेकरू शोधण्याची चिंता यात मिटते, पण समूहाचा धंदा बसला तर भाडेकरूही तोच आणि आधारही तोच!

भारतात सेबीने २०१४ मध्ये रीटचे नियम केले. किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली व उत्पन्न देणारी असावी, स्वतंत्र मूल्यांकनकाराने दरवर्षी मूल्य ठरवावे, कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांवर जाऊ नये, अशा त्यातील मुख्य अटी. तरीही पहिली रीट यायला २०१९ उजाडले. त्या वर्षी १ एप्रिलला बंगळुरूची एम्बसी बाजारात आली. मुंबईतील नरिमन पॉइंटचे एक्सप्रेस टॉवर्स तिच्यातच आहे. सुरुवातीला किमान दोन लाख रुपये गुंतवावे लागत. २०१९ मध्ये ही मर्यादा ५० हजारांवर आणि २०२१ मध्ये १० ते १५ हजारांवर आली. मे २०२३ मध्ये आलेली नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट ही मॉलची पहिली रीट. तिच्यात इंदूरचे ट्रेझर आयलंडही होते, जेथे आपल्यापैकी अनेकांनी मुलांना फिरवले असेल.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळची रीट म्हणजे के. रहेजा समूहाची माइंडस्पेस. ऐरोली, मालाड, पुण्याचे येरवडा व खराडी, तसेच हैदराबाद आणि चेन्नई येथील कार्यालयांचे संकुल तिच्याकडे आहेत. सुरुवातीला एकूण क्षेत्र २ कोटी ९५ लाख चौरस फूट होते. विक्री झाली जुलै २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीत कार्यालये ओस पडली असताना! युनिट २७५ रुपयांना होते आणि ४,५०० कोटी रुपये जमा झाले. पण येथे वाचकांनी थांबून पाहावे. यातील ३,५०० कोटी जुन्या मालकांना त्यांच्या हिश्श्याच्या बदल्यात गेले आणि न्यासाकडे आले ते १,००० कोटी. यात लबाडी नाही, सर्व काही प्रस्तावपत्रात छापलेले होते. परंतु 'इतके कोटी उभारले' ही बातमी वाचताना पैसा कोणाकडे गेला हे विचारायला आपण विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे.

अशा न्यासाची वाढ दोन वाटांनी होते. करारानुसार भाडे वाढते, बहुधा दर तीन वर्षांनी १२ ते १५ टक्के. दुसरी वाट नव्या इमारतींची. २०२५ मध्ये माइंडस्पेसने हैदराबादच्या रायदुर्ग येथील कॉमरझोन आपल्याच प्रायोजक समूहाकडून घेतले. विकणारा आणि व्यवस्था पाहणारा एकाच घरचा असला की भावाचा प्रश्न येतोच. म्हणून अशा व्यवहारात संबंधितांना मतदान करता येत नाही.

धोका कसा येतो तेही ऐरोलीत दिसले. तेथील बरीच जागा विशेष आर्थिक क्षेत्रात होती. तेथे नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत २०२० मध्ये संपली आणि एकदा रिकामा झालेला मजला भरेना, कारण क्षेत्राबाहेरच्या कंपनीला तो देता येत नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला आणि मजल्यामजल्याने जागा मोकळी करता येऊ लागली. एका सरकारी तारखेने भाडे थांबते आणि दुसऱ्या तारखेने सुरू होते, असा हा व्यवसाय आहे.

आपल्या वाचकांपैकी काहींचा आणखी एक प्रश्न असतो. भाडे ठीक, पण व्याजाचे काय? रीट कर्ज घेते आणि वाटपाचा काही भाग लाभांश, तर काही भाग व्याज म्हणूनही येऊ शकतो. प्रत्येक वाटपाच्या वेळी ही फोड जाहीर होते, ती वाचूनच ठरवावे. मलेशियात ऑगस्ट २००६ मध्ये रुग्णालयांच्या इमारतींची अल-अकार ही शरीअतनुसार चालणारी रीट बाजारात आली. जगातली तशी ती पहिलीच.

मार्च २०२४ पासून सेबीने ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी लघु व मध्यम रीटलाही परवानगी दिली आहे. तिथे किमान गुंतवणूक १० लाख रुपये आहे. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम एकाच इमारतीत घालण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्या इमारतीत भाडेकरू किती आहेत आणि त्यांचे करार कधी संपतात, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. मोठ्या रीटच्या वार्षिक अहवालात ही माहिती तक्त्यांत दिलेली असते. बी.कॉम.च्या वर्गात एक तास तो अहवाल घेऊन बसता येईल.